माडावरचं पहिलं गिऱ्हाईक

धारगळच्या नाक्यावर पूर्वी गोकुळदासाचा पसरा होता. पसरा म्हणजे आमच्याकडचं किराण्याचं दुकान. तो उघडला त्या सकाळी पूजा झाली, नारळ फुटला आणि गोकुळदास नवं धोतर सावरत गल्ल्यावर जाऊन बसला. दुकानाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, एखाद्या सवाष्णीच्या हातून व्हावी, तिने गूळ नाहीतर साखर न्यावी, अशी त्याची मनापासून इच्छा. पण त्याच वेळी शेजारच्या कुळागराच्या बागेत धाकू माडावर होता.

धाकू आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. माझ्याबरोबर मराठी शाळेत चौथीपर्यंत होता, पुढे तो झाडावर चढला आणि मी आणखी तीन यत्ता चढलो. तर त्या सकाळी शेंड्यावर बसल्या बसल्या त्याला विडीची तल्लफ आली, आणि काडेपेटी राहिली घरी. तो सरसर खाली उतरला. कमरेला कोयता तसाच, छातीला माडाची साल चिकटलेली. पसऱ्यात शिरला आणि म्हणाला, "एक काडेपेटी दी रे."

गोकुळदासाचं तोंड एवढंसं झालं. पण पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, हा धंद्याचा नेम. त्याने देवाचं नाव घेतलं आणि काडेपेटी पुढे केली.

तो पसरा अठ्ठावीस वर्षं चालला. गोकुळदासाने त्यावर घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "धाकूच्या हाताक गूण आसा."

झालं! मग पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कोणीही दुकान उघडायचं म्हटलं की आधी भटजीकडे मुहूर्त विचारायचा आणि लगेच धाकूकडे जायचं. धाकू रिकामा आहे का बघायचं. मुहूर्त एक वेळ पुढे सरके, पण धाकू हवाच.

ह्या भवान्यांच्या एकेक गोष्टी सांगत बसलो तर सकाळची संध्याकाळ होईल. नाक्यावर पहिलं टेलिफोन बूथ झालं तेव्हा धाकूला काचेच्या खोक्यात उभं केलं. आता फोन कोणाला लावायचा? त्याच्या ओळखीत फोन होता तो एकट्या गोकुळदासाकडे, रस्त्याच्या पलीकडे. त्याने तोच लावला. म्हणाला, "गोकुळदास, मी धाकू. जरा समोर बघ." दोघांनी एकमेकांना हात केला आणि पहिला कॉल संपला. पुढे योगेशने कॉम्प्युटरचं दुकान काढलं. धाकूला खुर्चीत बसवून म्हणाला, "काका, जगातलं कुठलंही गाव सांगा, आकाशातून दाखवतो." धाकू म्हणाला, "धारगळ दाखव." योगेशने दाखवलं. धाकू बघत राहिला आणि मग म्हणाला, "ह्यां माका रोज फुकट दिसतां." शीतलने ब्यूटी पार्लर काढलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. पुरुषमाणसाने पार्लरात करायचं काय? शेवटी शीतलने त्याची नखं कापून दिली. माडाची साल बसून बसून ती काळी झाली होती. दोन दिवस तो हात खिशातच घालून फिरला.

डिचोलीला खनिजाच्या ट्रकांना टायर विकणाऱ्याकडे त्याने पंक्चरच्या ठिगळांचं पाकीट घेतलं. दिवस असे होते, की रस्त्यावर लाल धूळ आणि दुकानात लाल माणसं. मग खाणी थांबल्या. धूळ बसली, आणि धुळीबरोबर टायरवालाही बसला. टेलिफोनची खोकी मोबाईलने नेली. मोबाईलमध्ये सगळं आल्यावर योगेशचे कॉम्प्युटर गेले. मग महामार्ग रुंद झाला, वर पूल आला, आणि नाक्यावरची दुकानं पुलाखाली सावलीत राहिली. गिऱ्हाईक डोक्यावरून जाऊ लागलं. मग करोना. मग मोपाचा विमानतळ झाला आणि पुन्हा नवी दुकानं उगवली: भाड्याच्या स्कूटर, काजूची पाकिटं, काचेची मोठी सुपरमार्केटं जिथे माणूस शिरला की त्याला थंडी वाजते.

धाकू हे सगळं वरून पाहायचा. माडाच्या शेंड्यावर बसलं की आपलं गाव झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं दिसतं, असं तो सांगे. सकाळी शटरं वर जातात ते पापण्या उघडल्यासारखं. कधी एखादी पापणी उघडतच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग धाकू झावळीला पाठ टेकून जरा वेळ नुसता बसून राही, आणि खाली बागवाला ओरडे, "धाकू, नारळ पाडतस का अंडी उबवतस?"

आता खरी गोष्ट.

माझी नात तेजस्विनी कॉलेजात कॉमर्स शिकते. तिला प्रकल्प मिळाला: आपल्या भागात दहा वर्षांत दुकानं किती उघडली, किती बंद झाली. ती पंचायतीत गेली, तिथे उघडल्याची नोंद मिळाली. बंद झाल्याची कोण करतो? दुकान उघडताना पत्रिका निघते, बंद होताना कोणी चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही. मी म्हटलं, "धाकूक विचार."

धाकू आमच्या ओसरीवर बसला आणि डोळे मिटून सांगत गेला. कुठलं दुकान, कोणाचं, कधी उघडलं, कधी बंद झालं. बंद झाल्याचा दिवससुद्धा सांगायचा. "त्या दिवशी सोमवार. पावस होतो." तेजस्विनी लिहून लिहून थकली. मीही कौतुकाने ऐकत राहिलो. इतके दिवस ह्याच्या लक्षात कसे, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

आठवड्याने तिने हिशेब लावून वाचून दाखवलं. धारगळ ते पेडणे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सत्तेचाळीस दुकानं उघडली. एकतीस बंद.

"त्यातली माझी किती?" धाकूने विचारलं.

"तुमच्या भवानीची एकवीस, धाकूआजो. चौदा बंद झाली. पण ऐका ना, टक्केवारी काढली तर बाकीच्यांचंही जवळजवळ..."

"चौदा," धाकू म्हणाला.

पुढचं टक्क्यांचं त्याच्या कानात शिरलंच नाही. आणि त्याच वेळी बाबुराव कुठून उगवला कोण जाणे. बाबुरावचं पुलाखाली रसाचं दुकान होतं, धाकूच्याच हातचं. ते आठ महिन्यांत मिटलं. तो दारातूनच म्हणाला, "मी सांगत होतंय मरे! धाकूचो हात आता निवलो. पयलो उजवो हात होतो, आता तो डावो झालो."

"बाबुराव, तुझा रस पाणी घातलेला होता," मी म्हटलं.

"पाणी सगळेच घालतत!"

आम्ही हसलो. धाकूही हसला. पण जाताना त्याने पायऱ्यांवर आपला हात उलटासुलटा करून पाहिला, तेवढं मला दिसलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दसरा होता, आणि दसऱ्याला त्याच्या भाचीचं दुकान उघडायचं होतं. भाची म्हणजे भाग्यलक्ष्मी, हरमलला दिलेली. पूर्वी तिचं किनाऱ्याच्या वाटेवर कपड्यांचं दुकान होतं, झुळझुळीत पायजमे आणि रंगीत सदरे. करोनात ते गेलं. त्यानंतर चार वर्षं तिने घरात मशीन मारून शिलाई केली आणि आता पुन्हा उभी राहत होती. ह्या वेळी कपडे विकायचे नाहीत, कपड्यांना जे लागतं ते विकायचं, असं तिने ठरवलं. गुंड्या, झिपा, हूक, इलॅस्टिक, फॉल, दोरे. मला तिची अक्कल फार आवडली. सदरा मोबाईलवरून येतो, पण तुटलेल्या गुंडीला जोडीची गुंडी हातात धरूनच बघावी लागते. आणि हरमलला जगभरातून माणसं येतात, त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांच्या झिपा कधीतरी तुटणारच. पण ह्याला तिने घरात होतं-नव्हतं ते घातलं होतं. नवऱ्याने स्कूटरसुद्धा विकली होती. हे चाललं नाही तर तिसरं दुकान नाही, हे तीच सांगत होती.

दसऱ्याच्या सकाळी धाकू माझ्याकडे आला. आंघोळ केलेला, पांढरा सदरा. म्हणाला, "रामा, स्कूटर काढ."

मी खुशीत. मीही इस्त्रीचा सदरा घातला. म्हटलं पेढे खाऊ, समुद्र बघू. पेडणे मागे पडलं. भात पिकायला लागलेलं, शेतांवर हळदीसारखं ऊन, आणि घराघराच्या दारावर झेंडूची माळ. हरमलच्या फाट्याला मी वळायला लागलो तर मागून धाकू म्हणाला, "सरळ घे."

"सरळ खंय? सरळ केरी."

"केरीच. फेरीत बसूया. तेरेखोलाक जाऊया."

मला वाटलं ह्याला आधी देवदर्शन वगैरे करायचं असेल. केरीला फेरीबोट उभीच होती. स्कूटर चढवली, साखळी ओढली गेली, आणि खाडीचं पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी सरकायला लागलं. धाकू कठड्याला धरून पाण्याकडे बघत होता. पलीकडे उतरलो, किल्ल्याच्या चढाला लागलो आणि वर तटाच्या सावलीत बसलो. खाली खाडी समुद्राला मिळते ती जागा. गोडं पाणी कुठे संपतं आणि खारं कुठे सुरू होतं, त्याचा नुसता रंग बदलतो, रेघ कुठे दिसत नाही.

"रामा," धाकू म्हणाला, "माका एक सपान पडतां."

"सांग."

"माझी सगळी दुकानां ह्या खाडीतसून जातत. होडयेसारखी. गोकुळदास तराजू धरून बसललो. योगेशचे कॉम्प्युटर पेटलले. शीतल दारात उभी, हात करता. एकाचा पण शटर खाली नाय. सगळी हळूहळू जातत, थंयसर," त्याने समुद्राकडे बोट केलं, "आणि मी माडावर. माका उतरूक येणा नाय."

वारा येत होता, आणि दुपारच्या उन्हात ते पाणी असं चकाकत होतं, की मलाही वाटलं, आता कोपऱ्यावरून टेलिफोनचं काचेचं खोकं तरंगत येईल आणि आत घंटी वाजत असेल.

घंटी वाजलीच. माझ्या खिशातली.

"रामूमामा," भाग्यलक्ष्मी होती. "धाकूमामा खंय आसा? मुहूर्त टळान दोन तास झाले."

"अगो, तू भवानी कोणाकडून तरी करून घे. उगाच थांबू नको."

"कोणाकडून? दारात सात जणां उभी आसत. एक जर्मन बाई पायरीवर बसली हा, तिची पिशवी उघडी पडली. दोघी हूक मागतत. मी सगळ्यांक सांगलंय, बसा, माझो मामा येता. त्या बाईक चाय दिली. ती विचारता, तुझा मामा डॉक्टर आहे काय?"

मी फोनवर हात ठेवून धाकूला सांगितलं. धाकूच्या तोंडाचा रंग उडाला. "विक म्हणान सांग तिका! मी नाय म्हणान तर विकूक होयां. मी मुद्दाम लांब इलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा पळून आला होता. आपला निवलेला हात भाचीच्या दुकानाला लागू नये म्हणून खाडी ओलांडून आला होता. आणि तिथे ती सात गिऱ्हाइकं दारात धरून बसली होती. दोघेही एकमेकांचं भलं करत होते आणि दुकान मात्र सकाळपासून बसून होतं.

"आमी तेरेखोलाक आसंव," मी फोनवर सांगून टाकलं.

"रामा!" धाकू ओरडला. "सांगलंस?"

"सांगलंय. आता मार माका."

मारलं नाही. पाऊणएक तास नुसता उठला, बसला, पुन्हा उठला. मग खाली धक्क्याकडे चालायला लागला. कशाला, ते त्यालाही ठाऊक नसावं. मी स्कूटर घेऊन त्याच्यामागे धक्क्यावर पोचलो तोवर पलीकडून फेरी निघाली होती. पुढच्या फळीवर, माशेवालीच्या टोपलीशेजारी, जरीची साडी नेसलेली एक बाई उभी. दोन्ही हातांत छातीशी धरलेला पत्र्याचा डबा. फेरी लागली आणि ती सगळ्यांच्या आधी उतरली.

"शटर खाली ओढलंस?" धाकूने पहिला प्रश्न हाच विचारला.

"पयल्या दिवशी शटर ओढतत? घोवाक दारात बसवलंय. सांगलंय, कोणाक काय एक विकू नको." ती धापा टाकत होती. "मामा, तू माका टाकून हयसर बसलंस?"

"भाग्या, माझो हात आता बरो नाय गो. चौदा दुकानां गेली. तेजस्विनीन मोजली. कागदावर आसा."

"मोजली तर मोजली."

"तुझा पयलां दुकान पण मीच उघडलंलंय. गेलां मरे तां!"

"गेलां." तिने डबा खाली, धक्क्याच्या कठड्यावर ठेवला. "आणि गेलां त्या दिवशी कोण इललो? सांग."

धाकू धक्क्याखालच्या पाण्याकडे बघायला लागला.

"उघडलां तेव्हा अख्खां गाव इललां. पेढे पुरले नाय. बंद केलां तेव्हा मी एकटी शटराकडे. गाडये बंद, रस्त्यार कुत्रां नाय. आणि तू धारगळासून सायकल मारीत इलस. म्हणालंस, अजून काय उरलां आसा तां दी. मी ती मोठी गवताची टोपी दिलंय, मडमांची. ती घालून तू परत गेलस." ती रडत होती की हसत होती, मला कळेना. "मामा, हात बरो म्हणान तुका कोण बोलवता? गूण बिण गोकुळदासाक दी. माका तू दारात होयो. बस."

मला एकदम ती टोपी आठवली. धाकू वर्षभर ती घालून माडावर चढत असे, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो, की कुठल्या तरी गोऱ्याची विसरलेली असणार. आणि मग मला ते बंद पडलेल्या दिवसांचे वार आठवले. सोमवार. पावस होतो. तो प्रत्येक ठिकाणी गेला असणार. टायरवाल्याकडे, योगेशकडे, त्या पाणी घालणाऱ्या बाबुरावकडेसुद्धा. उघडताना माणसं गाडी पाठवून नेत, बंद होताना हा आपल्या पायाने जाई, उरलेलं काहीतरी विकत घेई आणि कोणाला सांगत नसे. मी साठ वर्षांचा त्याचा मित्र. जगातल्या सगळ्या गोष्टी मला येतात, आणि ही एक येत नव्हती.

"बाबुरावाकडे पण गेल्लंस?" मी विचारलं.

"शेवटचो रस बरो होतो," धाकू म्हणाला. "पाणी घालूक विसारलो."

भाग्यलक्ष्मीने डब्याचं झाकण काढलं. आत दोऱ्यांची रिळं, रांगेत, इतके रंग की उन्हात डोळे दिपले. पिकल्या काजूचा, कच्च्या कोकमाचा, पावसाळ्यातल्या शेवाळाचा. "घे," ती म्हणाली. "दुकान हयसर हाडलंय."

धाकूने हात पुढे केला आणि मागे घेतला. फेरीवाला ओरडला, "चढतात काय? सोडतंय!" माशेवाली म्हणाली, "घे रे बाबा, सणाचा दिवस. बाई इतक्या लांबसून इली." तरी तो उभाच. मग डोळे मिटले, माडावर पहिला पाय टाकताना मिटायचा तसे, आणि एक रीळ उचललं. उघडून पाहिलं तर कसलासा मधलाच रंग. निळा नाही, हिरवा नाही.

"हो कोणाक लागतलो?" भाग्यलक्ष्मीने विचारलं.

"लागतलो कोणाक तरी," धाकू म्हणाला आणि खिशातली नोट काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती कपाळाला लावली, डब्याला लावली, पदराला गाठ मारली. लगेच माशेवालीने मान पुढे केली. "माका एक मोठी सुई दी. आणि काळो दोरो. गोणी शिवची आसा." तिच्यामागे आणखी एक बाई, तिला झंपरचे हूक पाहिजेत. फेरीवाला कपाळावर हात मारून शिट्टी फुंकत राहिला आणि दुसरी, तिसरी विक्री तिथेच धक्क्यावर झाली.

आम्ही स्कूटरसकट फेरीत चढलो. भाग्यलक्ष्मीने नवऱ्याला फोन लावला, "विकूक लाग! त्या जर्मन बाईची झीप पयली!" फेरी हलली. खाडीचं पाणी पुन्हा दोन्ही बाजूंनी जायला लागलं, ह्या वेळी उलट्या दिशेने. धाकू मुठीत रीळ धरून कठड्याला टेकला होता.

"भाग्या," जरा वेळाने तो म्हणाला, "एक गजाल. दुकान चालतलां का नाय, माका ठावक नाय. खरां सांगतंय."

"माका पण ठावक नाय."

"पण उद्या-परवा बंद करूची पाळी इली, तर माका आधी सांग. मी येतंय."

भाग्यलक्ष्मीने डब्यातली हललेली रिळं नीट लावली, झाकण बसवलं, आणि मामाकडे न बघताच म्हणाली, "सांगतंय. पण मग तुका खूप वर्सां जगूचां लागतलां, मामा. तयारी आसा?"